शालींच्या गाठी

आमच्या शेजारच्या गृहस्थांना सगळं नाशिक चक्रम म्हणतं, ते ऐकून माझं डोकं फिरतं. मेनरोडवरच्या स्वदेशी कापडदुकानाच्या कंपनीचे शेअर त्यांनी म्हातारपणासाठी घेतलेत. म्हणून दर शनिवारी जाऊन ते माल चाचपतात. विकत काही घेत नाहीत.

कंपनीच्या यंदाच्या वार्षिक सभेत अध्यक्षांनी घसघशीत डिव्हिडंड जाहीर केला. टाळ्या पडल्या. आमचे शेजारी सावकाश उठले.

"गेल्या दिवाळीत तुमच्या शालींच्या दशांना मी गाठी मारल्या होत्या. काल पाहिल्या, सगळ्या तशाच आहेत. माल खपला नाही, तर नफा कुठला? आमचंच भांडवल आम्हाला वाटताय."

"बसा हो खाली," भागधारकच ओरडले. पेढे फिरले.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम दुकानात गेलो. शाली जागच्या जागीच होत्या. गाठी तेवढ्या सोडवलेल्या होत्या.