आय नको म्हणाली होती

"यांना थंडी वाजत नाही. जन्मापासूनची सवय असते."

आमच्या कॅम्पचे सर असं म्हणाले तेव्हा माझी आय माझ्या शेजारीच उभी होती. ओली चादर अंगावर, हात काखेत. सहा तंबू होते. पाचांत पाहुणे शिरले होते. सहावा रिकामा, चेन लावलेला. मी तोच मागत होते. माझ्यासाठी न्हाय, आयसाठी. सत्तरीला टेकलेली बाई, संध्याकाळपासून खोकत होती.

तंबूच्या तोंडाशी बसलेले दोनचार पाहुणे हसले. वाईट मनानं न्हाय हसले. बरं वाटलं त्यांना. आपण आत, म्हातारी बाहेर, आणि तिला काही होत न्हाय, हे ऐकून कुणालाही बरंच वाटणार की.

"सामानावर लक्ष ठेवा, कुत्री येतात," सर मला म्हणाले. "चालेल ना?"

मी म्हणाले, "चालेल."

हा माझा शब्द. माझा कसला, बापाचा. दिवाळी झाली की आमची आदिवासी वाडी ओस पडायची. सगळे वीटभट्टीवर. सगळा हिवाळा पेंढ्याच्या खोपीत, खोपीला दार न्हाय. शेट गाडीतनं उतरायचा, गळ्याला मफलर. "उद्या पहाटे तीनला चिखलात उतरा. चालेल ना?" बाप म्हणायचा, "चालेल शेट." टाचा फुटलेल्या, भेगांत चिखल भरलेला, तरी चालेल. मी तिथंच शिकले. पुढं आश्रमशाळेत सातवीपर्यंत गेले, पण हा शब्द काही सुटला न्हाय.

रेवदंड्याच्या अलीकडं समुद्राला लागून सरांचा कॅम्प हाय. मी तिथं भाकऱ्या करते, झाडलोट करते. करायचे, असं म्हणायला पायजे आता.

यंदाच्या हिवाळ्यात सरांनी नवीन टूम काढली. पाहुण्यांनी एक रात्र उघड्यावर काढायची. माणशी एक चादर, एक पाण्याची बाटली, एक काड्यापेटी. बस. मला वाटलं चेष्टा करतायत. पण लोक आले हो, हौसेनं आले! मुंबईहून, पुण्याहून. आमचा जन्म गेला दार असलेलं घर मिळावं म्हणून, आणि हे दार सोडून एका रात्रीसाठी बाहेर. 'सर्व्हायव्हल नाईट' म्हणे.

मग सर म्हणाले, शिकवायला खराखुरा माणूस पायजे. तुझ्या आईला आण.

आयला विस्तवाचं अंथरूण करता येतं. माणसाच्या लांबीचा चर खणायचा, त्यात काटक्या न् नारळाची सोडणं जाळायची. निखारे झाले की वर वीतभर कोरडी वाळू ओढायची, वाळूवर पेंढा, पेंढ्यावर चादर. पहाटेपर्यंत पाठ गरम राहते. भट्टीवर आम्ही पोरं अशीच जगलो. एवढी एकच गोष्ट आमच्याकडं अशी होती की जी शेटला येत नव्हती.

सरांना ते अंथरूण पाण्याजवळ पायजे होतं. फोटोत मागं समुद्र दिसला पायजे. आयनं पायानं वाळू उकरली. वरची कोरडी, खालची ओली. भरतीची जागा. तिनं मान हलवली. तिला चारचौघांत बोलायची सवय न्हाय, माझ्याकडं तोंड करून हळूच म्हणाली, "इथं नको. वाफ धरंल. वर सुरूच्या झाडांत चल."

"काय म्हणते?" सरांनी विचारलं.

सगळे बघत होते. मोबाईल वर धरलेले. कशाला पाहुण्यांपुढं सरांचा शब्द मोडा? मी म्हणाले, "चालेल म्हणते."

आयनं माझ्याकडं बघितलं. वाकली आणि खणायला लागली.

तिचं बघून पाहुण्यांनी आपापले चर खणले. आधी छान ऊब आली. टाळ्या वाजल्या. मग वाळूतनं वाफ निघायला लागली. खालून पेंढा भिजला, चादरी भिजल्या. वरून दहिवर. मध्यरात्रीला मतलई सुटला, जमिनीवरनं समुद्राकडं वाहणारा तो गार वारा. ओल्या कपड्यांनी सगळे कुडकुडायला लागले. कुणीतरी म्हणालं, बास झालं बाबा.

"ट्रिक फेल गेली," सर म्हणाले. "काकूंचा अंदाज चुकला."

आयचा अंदाज! मी तिथंच होते. मला माहीत होतं. मी वाकून पाहुण्यांच्या ओल्या चादरी गोळा करायला लागले.

सरांनी तंबू उघडून दिले. आणि मग ते रिकाम्या तंबूचं बोलणं झालं, सुरुवातीला सांगितलं ते.

आम्ही दोघी बॅगांच्या ढिगाला टेकून बसलो. माझी कोरडी ओढणी मी तिच्या छातीला गुंडाळली. थंडी वाजते म्हणतात ते उगाच न्हाय. आयचे दात वाजत होते, लाटांच्या आवाजातनं मला ऐकू येत होते. खोकल्याची उबळ आली की दोन्ही हात तोंडावर दाबायची. पाहुण्यांची झोप मोडू नये म्हणून!

उबळ थांबली तशी म्हणाली, "मी नको म्हणाले होते."

"व्हय."

"तू माझ्या तोंडात चालेल घातलंस."

मी ओढणीचं टोक तिच्या मानेशी खोचलं.

"तुझा बापबी असाच. चालेल चालेल करत छाती भरून गेला."

दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मला माझीच शिसारी आली. सरांनी एक वाक्य टाकलं होतं तिच्यावर, आणि त्याच्या आधी मीच तिला ओल्या वाळूत बसवली होती.

उठले. पाहुण्यांसाठी कोंबडी भाजलेली शेगडी अजून धगधगत होती. घमेलंभर निखारे काढले. कुणाला विचारलं न्हाय. सुरूच्या झाडांत गेले, कोरड्या वाळूत हातानं चर खणला, खाली वाळकी सोडणं, वर निखारे. आय मागनं आली. वाळू किती ओढायची ते तिनं बोटांनी दाखवलं. पेंढा कोरडाच उचलून आणला. ती आडवी झाली, कुशीवर वळली, आणि हळूहळू दात वाजायचे थांबले.

मी जागी राहिले. खाली सामानाजवळ कुत्री आली. येऊ दिली. पावाची पाकिटं घेऊन गेली.

सकाळी पाहुणे चहाचे कप घेऊन वर आले. आय घोरत होती, मानेला घाम. एका मुलीनं वाळूत हात घातला. "अरे, गरम आहे अजून!" सगळे जमले. सर मोबाईल घेऊन धावत आले.

"काकू, पहिल्यापासून करून दाखवा एकदा. रात्रीचं काही बोलायचं नाही." मग मला, "चालेल ना?"

आय उठून केस बांधत होती. त्याच हळू आवाजात म्हणाली, "नको."

"काय म्हणते?"

चालेल हा शब्द दातांपर्यंत आला होता, खोटं कशाला सांगू. काम गेलं तर घरात काय शिजवायचं, हेपण डोक्यात होतंच.

"नको म्हणते," मी म्हणाले. "कालबी नकोच म्हणाली होती. वाळू ओली हाय, वर चला, असं सांगितलं होतं तिनं. मी तुम्हाला खोटं सांगितलं. तिचा अंदाज न्हाय चुकला. आणि सर, आम्हाला थंडी वाजते. काल तुमच्या रिकाम्या तंबूच्या बाहेर वाजत होती."

कुणी हसलं न्हाय. सर जवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाले, "तुला काम नको आहे का?"

"काम पायजे. तंबूबी पायजे होता."

आम्ही चर बुजवला आणि चालत रस्त्याला लागलो. त्या दिवसापासून काम न्हाय.

आयचा खोकला अजून हाय. परवा तिला सरकारी दवाखान्यात नेली. खिडकीतला माणूस वर न बघता म्हणाला, "आज गर्दी आहे. उद्या आणा. चालेल ना?"

आय बाकावर बसून माझ्याकडं बघत होती.

दमले हाय मी. रोज कुणाशी तरी भांडायचं बळ माझ्यात न्हाय. पण आयच्या तोंडात पुन्हा माझा शब्द जाणार न्हाय. ती नको म्हणाली तर सगळ्यांपुढं नको. ती पायजे म्हणाली तर पायजे, आणि आजच.

"न्हाय चालणार," मी म्हणाले. आणि खिडकीसमोर उभी राहिले.