मिस्त्रींचं नख

आमचे हे सध्या पक्षी हाकलतात. हसू नका. काठीला लाल फडकं बांधलंय. ते घेऊन सकाळी नऊपासून वर्कशॉपच्या आवारात विक्रीला उभ्या नव्या गाड्यांच्या रांगांमधून फिरायचं आणि कबुतर टपावर बसलं रे बसलं की "हाऽऽड" करायचं. ज्या माणसाने बत्तीस वर्षं पक्ष्यांनी शिटलेल्या गाड्या पुन्हा लखलखीत केल्या, त्याला उतारवयात हे काम! वर मालक म्हणतात, "मिस्त्री, पक्ष्यांशी तुमचं जुनंच नातं आहे की!" जळलं मेलं ते बोलणं.

लोकांना वाटतं, शीटच ती, फडकं मारलं की गेली. तिथेच वाट लागते. वाळलेल्या शिटेत रेती असते, बिया असतात. कोरडं पुसलं की ओरखडे उठलेच. आणि दोन दिवस उन्हात राहिली तर रंगावरचा पारदर्शक थर खाऊन टाकते. हे काय करायचे, तर ओलं मऊ फडकं त्यावर ठेवून शेजारी स्टुलावर बसून राहायचे. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. "भिजू दे, आपोआप सुटेल." घरी मी करपलेली कढई घासायला लागले की मलाही हेच सांगायचे. मी म्हणायचे, मग बसा तुम्ही कढईपाशी, मला बाकीची कामं आहेत.

शीट सुटली तरी खाली डाग उरतो. तिथे यांचं नख लागायचं. उजव्या अंगठ्याचं नख यांनी जरासं वाढवून, कानशीने गोल करून ठेवलेलं असे. ते डागावरून अलगद फिरवायचं. सरळ गेलं तर पॉलिशने डाग निघणार. अडलं तर डाग खोल गेलाय, पॉलिशचं मशीन लावायचंच नाही. लावलं तर वरचा थर जातो, खालचा रंग उघडा पडतो आणि अख्खा बोनट नव्याने रंगवावा लागतो. "नख काय म्हणतंय, मिस्त्री?" असं मालकसुद्धा विचारायचे. नव्या सुपरवायझरने थर मोजायचं मीटर आणलं होतं, ते कपाटात धूळ खात पडलं. मी त्याला मीटरवाला म्हणते.

मग एक दिवस मी यांच्या हातात चहाचा ग्लास दिला. इतका कढत की मी पदराने धरून आणला होता. ह्यांनी तो चार बोटांत धरला आणि पेपर वाचत बसले. बोटं लालबुंद झाली तरी यांना पत्ता नाही. मी ग्लास हिसकावून घेतला. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पॉलिशचं मशीन बत्तीस वर्षं हातात थरथरलं, तशी बोटं बधिर होत गेली होती. नख अडतंय की नाही, काही कळत नव्हतं. अंदाजाने ढकलत होते.

"मालकांना सांगून टाका," मी म्हटलं.

"वेड लागलंय का तुला? उद्यापासून तो मीटरवाला माझ्या स्टुलावर बसेल. वीस महिने राहिलेत निवृत्तीला. मिस्त्री म्हणून आलो, मिस्त्री म्हणूनच बाहेर पडू दे."

एवढंच हवं होतं या माणसाला. मग मीच तोड काढली. रोज एक वाजता मी डबा घेऊन वर्कशॉपमध्ये जायचे. तेव्हा मागची शेड रिकामी असायची. हे डागावर बोट ठेवायचे, मी माझं नख फिरवायचे आणि हळूच सांगायचे, "अडतंय" किंवा "नाही अडत." बाहेर जाऊन हे ठणकावून तेच सांगायचे. सात महिने असं चाललं, एकदाही चुकलं नाही. खोटं कशाला बोलू, मला आवडायला लागलं होतं. उभ्या जन्मात माझ्या बोलण्याला कोणी एवढी किंमत दिली नव्हती.

आणि मग ती काळी गाडी आली. मालकांच्या वडिलांची. वडील गेल्यापासून झाडाखाली उभी होती आणि बोनटभर शीट वाळून चिकटली होती. मालकांचा तिच्यावर फार जीव. ह्यांनी सकाळभर ओली फडकी घालून सगळं सोडवलं. बोनटच्या मधोमध एक मोठा डाग उरला. मी डबा ठेवला, पदराला हात पुसले आणि अंगठा फिरवला. सरळ गेला.

"नाही अडत."

तेवढ्यात मीटरवाला दारात आला, ते डबडं हातात घेऊन. "मिस्त्री, मालकांची गाडी आहे. एकदा मोजून घेऊ का?"

हे माझ्याकडे बघत होते. मग म्हणाले, "नको. नख बोललंय," आणि मशीन चालू केलं.

पाच मिनिटांत बोनटवर हातभर जागा राखाडी, मळकट दिसायला लागली. मशीन थांबलं. मी माझ्या अंगठ्याकडे पाहिलं. त्या सकाळी मी नखं कापली होती, कणीक अडकते म्हणून, अगदी मुळापर्यंत. डागावरून फिरलं होतं ते नुसतं बोटाचं मांस. त्याला काय कळणार कप्पाळ?

मालक ओरडले नाहीत. बोनटवरून हात फिरवत राहिले, बराच वेळ. ह्यांनी मान खाली घालून सांगितलं, "माझं नख चुकलं." माझं नाव घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी मीटर कपाटातून कायमचं बाहेर आलं आणि यांच्या हातात काठी आली.

माझ्या जिवाला जे लागलं ते लागलंच. नखं कापल्याचं सांगायची हिंमत होईना. मी अंगठ्याचं नख पुन्हा वाढवलं, गोल केलं, भांडी घासताना जपलं; न जाणो, यांना परत बोलावलं तर. आणि त्या दिवसापासून मी यांच्याशी भांडले नाही. मी! हे उन्हातून करपून यायचे, माझ्यावर खेकसायचे, ताट सरकवून द्यायचे आणि मी निमूट दुसरं वाढायचे. शेजारीण म्हणाली, तब्येत बरी नाही का तुझी?

एक वर्ष गेलं. पुढच्या महिन्यात हे निवृत्त होणार. गेल्या रविवारी काठीचं फडकं विटलं म्हणून नवं बांधत बसले होते. ते मला बघवेना. मी समोर बसले आणि सगळं ओकून टाकलं. रडले, हात जोडले, म्हटलं, तुमचं नाव मी घालवलं.

ह्यांनी गाठ घट्ट केली. "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"तू बोनटवर हात ठेवलास तेव्हाच कापलेली नखं दिसली होती."

"अहो, मग मशीन कशाला लावलंत?"

"तो मीटर घेऊन दारात उभा होता. त्याच्यासमोर काय म्हणू? बायकोला नख नाही, तू मोज?"

"आणि वर्षभर मी इथे जळत होते, ते दिसत नव्हतं? एका शब्दाने सांगता आलं नाही?"

हे काठी फिरवून फडकं बघत राहिले. मग म्हणाले, अगदी साधेपणाने, "वर्षभर तू भांडली नाहीस. घरात बरं वाटत होतं."

मी उठले. फळीवरून नेलकटर घेतलं, यांच्या समोर बसले आणि अंगठ्याचं ते नख कापून टाकलं, अगदी मुळापर्यंत.