आकाराम लवटे आणि वाऱ्याचं वाक्य

कॉम्प्युटरवरचं कापड ते स्वतः काढत आणि स्वतः घालत. घडी वेगळी दिसली की आज आधी कोण आलं होतं ते विचारत.

चहाला खाली जाताना फ्लॉपी काढून शर्टाच्या खिशात टाकत.

कुणी सुभेदार म्हटलं तर ‘हवालदार’ अशी दुरुस्ती करत. प्रत्येक वेळी.

प्रत्येक वाक्य आधी वहीत लिहीत, मग टाइप करत. ती वही लष्करातून आणलेल्या पत्र्याच्या पेटीत ठेवत आणि कुणाच्या हातात देत नसत.

यंत्रानं वाक्य सुचवलं की चष्मा पुसत. पुन्हा लावत. मगच बटण दाबत.

एवढं मी पहिल्याच आठवड्यात पाहिलं. एकोणीसशे सत्त्याण्णव साल होतं. मी कोरेगावहून सांगलीला आले होते. मराठीची एम.ए. होते. पुस्तकांचं काम मिळेल असं वाटलं होतं. मिळालं ते फवारणीच्या औषधांच्या डब्यांतल्या कागदांचं. इंग्रजी कागद यायचे, त्यांचं मराठी करायचं. ऑफिस विश्रामबागेत, एका दवाखान्याच्या वर. मालक सयाजीराव, आकाराम लवटे आणि मी.

लवटेकाका आटपाडीकडचे. घर मेंढपाळाचं. लष्करात वीस वर्षं कारकुनी केली, तिथे इंग्रजी पक्कं झालं. माझ्या डब्यातली चपाती ते घेत आणि त्यांची बाजरीची भाकरी मला देत. मैत्री तिथून सुरू झाली. मी कॉम्प्युटरचा कोर्स केला होता, म्हणून सयाजीरावांनी त्यांना शिकवायचं काम माझ्यावर टाकलं.

नवा प्रोग्रॅम मेमरीचा होता. आपण एक इंग्रजी वाक्य घ्यायचं, त्याचं मराठी करायचं. यंत्र दोन्ही जपून ठेवतं. तेच इंग्रजी वाक्य पुन्हा आलं की जुनं मराठी समोर धरतं. थोडं वेगळं आलं तर किती टक्के जुळतं ते सांगतं. प्रत्येक वाक्यापुढे करणाऱ्याची आद्याक्षरं आणि तारीख असते.

हे सगळं ऐकून काकांनी एकच विचारलं.

“आणि इसरतं कवा?”

विसरत नाही, मी म्हणाले. त्यांना ते आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांचं आदल्या दिवसाचं एक वाक्य समोर आलं. ते खुर्चीत मागे सरकले. त्यांना आणखी एक गोष्ट दिसली होती. मेमरीच्या चौकटीत मराठी अक्षरं नव्हती. डोक्यावर टोपी घातलेला ए, शेपटीवाला सी, मध्येच टिंबं, असली ओळ होती. मी सांगितलं की त्या चौकटीला आपला मराठी फॉन्ट लागत नाही. बटण दाबून वाक्य कागदावर घेतलं की नीट दिसतं.

“म्हंजे माझं मराठी हे गुप्त लिपीत ठेवतंय,” ते म्हणाले. “आणि मी न वाचता सही करायची.”

सही म्हणजे ते बटण. त्यांची भीती सरळ होती. त्यांचं नाव लावून यंत्र दुसरंच काही घालेल. तो कागद डब्यात जाईल. आणि त्यांचा धाकटा भाऊ बिराप्पा डाळिंबावर औषध मारतो, तो हाच कागद वाचेल.

त्यांनी ती लिपी शिकून घेतली. महिनाभर लागला. टोपीवाला ए म्हणजे कोणतं अक्षर, शेपटीवाला सी म्हणजे कोणतं, याचा तक्ता केला आणि भिंतीला लावला. मग चौकटीतली ओळ ते तशीच वाचू लागले. वहीतल्या वाक्याशी अक्षर न् अक्षर ताडून बघत. सयाजीराव हसत. मीही हसले होते.

“माझी आई दोनशे मेंढरांत घुसलेलं परकं मेंढरू तोंडावरनं ओळखायची,” ते मला म्हणाले. “मला माझं वाक्य ओळखता येऊ नये व्हय?”

पुढच्या जानेवारीत बिराप्पा ऑफिसात आला. पायताण दाराबाहेर काढलं, खुर्चीवर बसला नाही. खिशातून औषधाचा कागद काढून त्यानं भावापुढे ठेवला.

“दादा, वाऱ्याच्या दिशेनं फवारू नये, असं लिवलंय. मग काय तोंडावर घ्यायचं?”

काकांनी कागद वाचला. परत पहिल्यापासून वाचला.

बिराप्पानंच सांगितलं. तो स्वतः कागद वाचत नाही. त्याची बायको हरणाबाई वाचते. दादांनी लिहिलंय तर तसंच करायचं, असा तिचा हट्ट. त्या दिवशी पंप तिच्या पाठीवर होता. वाऱ्याकडे तोंड करून तिनं एक पंप पुरा मारला. डोळे सुजले, रात्रभर उलट्या. दोन दिवस दवाखान्यात होती.

“आता बरी हाय,” बिराप्पा म्हणाला. “म्हणती, दादांस्नी इचार, आमचं काय चुकलं.”

इंग्रजी कागद मीच काढला. त्यात होतं, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये. मराठीतला ‘विरुद्ध’ गळला होता.

“हे माझं वाक्य न्हाई,” काका म्हणाले.

बिराप्पा एसटीनं परत गेला. काका तसेच बसून होते. मग त्यांनी मेमरीत शोधायला सांगितलं. वाक्य सापडलं. आद्याक्षरं त्यांची. तारीख चौदा ऑगस्ट. ते सव्वीस पत्रकांत गेलं होतं.

ते म्हणाले, यंत्रानं शब्द खाल्ला. मग म्हणाले, सयाजीरावांनी घाईत काहीतरी केलं असेल. मग माझ्याकडे वळले.

“ऑगस्टात मी चार दिवस गावाकडं होतो. माझ्या खुर्चीत तू बसलीस. माझ्या नावानं काय काय घातलंस?”

मी खरंच बसले होते. त्यांचं नाव बदलायचं राहून गेलं होतं. चौदा तारीख त्या चार दिवसांत होती की नव्हती, मला आठवेना. रोज ज्यांची भाकरी खात होते ते माझ्याकडे परक्यासारखे बघत होते. त्यांचं खरं असेल, असंही मला वाटू लागलं.

“वही बघा ना,” मी कशीबशी म्हणाले.

त्यांनी पेटी उघडली. वहीवर त्यांचा कधीच संशय नव्हता, म्हणून ती काढायचं त्यांना सुचलं नव्हतं. पान एकतीस. चौदा ऑगस्ट. त्यांचं टपोरं अक्षर. ‘वाऱ्याच्या दिशेने फवारू नये.’ पुढे बरोबरची खूण. तिच्याखाली तारखा, यंत्रानं ते वाक्य पुन्हा समोर धरलं त्या प्रत्येक वेळेची एक. पंचवीस. प्रत्येक वेळी त्यांनी चष्मा पुसून ताडून पाहिलं होतं. प्रत्येक वेळी वाक्य त्यांचंच निघालं होतं.

त्यांनी चष्मा काढला. पुसला नाही.

सयाजीरावांनी औषधाच्या कंपनीला फोन केला. छापलेल्या कागदांवर दुरुस्तीची चिठ्ठी लावायचं ठरलं. मेमरीत तेवढं एक वाक्य बदला, ते म्हणाले, पुढे सगळीकडे आपोआप बरोबर येईल.

“ह्यो एकच शब्द गळला आसंल कशावरनं?” काका म्हणाले.

माझी माफी त्यांनी मागितली नाही. दुसऱ्या दिवशी मी आले तेव्हा पेटी उघडी होती आणि वही माझ्या टेबलावर होती.

“तू इंग्रजी वाच. मी मराठी बघतो,” ते म्हणाले. “माझं हाय का ते बघायचं न्हाई. खरं हाय का ते बघायचं.”

मेमरीत नऊ हजार चारशे सात वाक्यं होती. आम्ही एकपासून सुरू केलं. रोजचं काम संपलं की तासभर. वाक्याचा नंबर आणि वाक्य वहीत लिहायचं, तपासायचं, मग खूण करायची. ते मधेच थांबत. हे वाचून हरणाबाई काय करील, एवढंच विचारत. मी उठून करून दाखवायचे. झाकण कुठल्या बाजूला फिरवायचं, हात कधी धुवायचे. वर्षभरात आणखी अकरा चुका सापडल्या. सात त्यांच्या, चार माझ्या. माझी चूक निघाली की ते नुसतं ‘हं’ म्हणत. मला त्याचंच जास्त लागत असे.

नव्याण्णवच्या एप्रिलमध्ये कंपनीनं काम पुण्याला हलवलं. मेमरी त्यांची होती, ती त्यांनी मागून घेतली. एक माणूस आला आणि दुपारी कॉम्प्युटर घेऊन गेला. काकांनी अजून तपासायचं आहे असं त्याला सांगून पाहिलं. त्यानं पुण्याला पत्र लिहा म्हटलं. त्यांनी दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. मे महिन्यात ते आटपाडीला गेले. पेटी नेली. वही माझ्याकडे ठेवली.

शेवटच्या पानावर नंबर आहे, पाच हजार दोनशे एकोणीस. पुढे वाक्य आहे, ‘रिकामा डबा मोडून जमिनीत पुरावा.’ खुणेची जागा रिकामी आहे.

वाक्य मला बरोबर वाटतं. इंग्रजी कागद आता माझ्याजवळ नाही. खूण मी केलेली नाही.