शिफ्टची सावड

आमच्या घरात माणसंच कमी होती. पैसा कमी होता हे तर आलंच, पण ते आमच्या कोळवणच्या खोऱ्यात बऱ्याच घरांत होतं, त्याचं कुणाला विशेष वाटत नसे. माणूस कमी असला की ते भातात लगेच दिसतं. रोप उपटायला कुणीतरी लागतं, मुठी वाहायला कुणीतरी लागतं, आणि चिखलात वाकून लावत जायला तर बायकांची रांगच लागते. आमच्याकडं आई, वडील आणि मी. त्यातही रस्त्याकडची जमीन आजोबांनी शहरातल्या एकांना देऊन टाकलेली, आणि त्या जमिनीवर झालेल्या फार्महाऊसवर वडील राखणीला. साहेब लोक पावसातच जास्त यायचे. त्यामुळं ऐन आवणीत, म्हणजे भाताच्या लावणीत, वडील त्यांच्या पाहुण्यांच्या सरबराईत, आणि डोंगराकडेला उरलेल्या आमच्या खाचरांत आई एकटी.

ती खाचरं लागायची सावडीवर. सावड म्हणजे आज आम्ही तुमच्या आवणीला, उद्या तुम्ही आमच्या. मजुरी नाही, लिहून ठेवणं नाही. मोठ्या घरातून एका दिवशी चार जणी निघायच्या आणि सावड फेडून मोकळ्या व्हायच्या. आमच्याकडून एकटी आई. म्हणून सगळा आषाढ ती लोकांच्या चिखलात असायची, तेव्हा कुठं एक दिवस आमच्या बांधावर बायका दिसायच्या. पुढं तिच्या पाठीनं नाही म्हटलं आणि तिच्या जागी मी जायला लागले. सकाळी आवणी, मग एसटी धरून पौडला कॉलेज. पायाच्या बोटांतला चिखल कितीही धुतला तरी वर्गात पंख्याखाली वाळून पांढरा दिसायचा. मला त्याची लाज वाटली नाही. आमच्या घरात कॉलेजचा वर्ग बघणारी मी पहिली. पाय कसे का असेनात, बाकावर मी बसले होते.

बी.कॉम. झाले तेव्हा वाटलं, डोंगर उतरून गेलं की एवढ्या काचेच्या इमारती आहेत, त्यात एक खुर्ची आपलीही असणार. फाईल घेऊन गेटागेटावर फिरले. सगळीकडं वॉचमन एकच सांगायचा, मॅडम, ऑनलाइन टाका. ऑनलाइन टाकलं की काही यायचं नाही. एका कन्सल्टन्सीतल्या बाईंनी विचारलं, "अनुभव?"

"कशाचा?"

"कशाचाही."

आवणीचा, असं अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं.

शेवटी एका कंत्राटदारामार्फत लागले. कंपनी मोठी, पण मी कंपनीची नाही, कंत्राटदाराची. कंपनीच्या लोकांच्या गळ्यात निळी पट्टी, आमच्या गळ्यात पिवळी. काम ट्रान्स्पोर्ट डेस्कचं. लोकांना घरून आणायला आणि सोडायला ज्या गाड्या जातात, त्यांचे फोन घ्यायचे. माझी कॅब कुठंय, ड्रायव्हर फोन उचलत नाही, मी गेटवर उभा आहे, मी कधीचा गेटवर उभा आहे. मराठीत, हिंदीत, इंग्रजीत, तक्रार एकच. आपण गाडी चालवत नाही, रस्ता आपण अडवलेला नाही, तरी दिवसभर सॉरी आपणच म्हणायचं. संध्याकाळी घसा असा बसायचा की घरी फोन केला की आई विचारायची, "रडतीयास का काय?"

"नाही गं. काम केलं."

"बोलायचं काम ना? मग एवढं काय?"

तिला कसं सांगावं ते मला कधी जमलं नाही.

राहायला कंपनीजवळच्या माण गावात खोली घेतली होती. भाताची खाचरं बुजवून त्यावर मालकीणबाईंनी खोल्यांचे मजले चढवलेले. माझ्याबरोबर लातूरकडची एक मुलगी राहायची, माझ्याच डेस्कवर होती. डेस्कवरच यवतमाळकडचाही एक जण होता. डेस्कवर बहुतेक सगळी अशीच लांबची माणसं. त्यांना घरी जायचं म्हणजे रात्रभराची ट्रॅव्हल्स, दोन दिवस मोडायचे. त्यामुळं सण आला की सगळ्यांचे डोळे माझ्याकडं.

"तुझं काय बाई, तू तर इथलीच."

इथलीच होते हे खरं. घरी जायला मला एक जीप आणि एक एसटी पुरत होती. म्हणून दिवाळीत मी बसायची, पोळ्याला मी, कुणाच्या बहिणीचा साखरपुडा असला तरी मी. रविवार तर किती दिले ते जाऊ द्या. लीड, म्हणजे आमच्यावरचा मुलगा, वयानं माझ्याहून लहान, तो म्हणायचा, "यू आर सो रिलायबल." मला बरं वाटायचं. पण खरी गोष्ट वेगळी होती. मी मनात धरून चालले होते की ही सावडच आहे. आपले दिवस लोकांकडं जमा होतायत. आपली आवणी येईल तेव्हा बांधावर माणसं उभी राहतील. हे कुणाला बोलून दाखवावं असं मला वाटलंच नाही. दिवस दिला की तो परत येतो, यात बोलायचं काय? आमच्याकडं शेंबडं पोरही ते जाणतं.

त्याच सुमाराला आमच्यासाठी एक सत्र झालं होतं, कामाच्या ताणाबद्दल. एक बाई आल्या होत्या, फार मऊ आवाजाच्या. डोळे मिटा, श्वास घ्या, स्वतःला विचारा की मला काय हवंय. मी डोळे मिटले आणि लगेच झोपले. मानेला कळ लागून जाग आली तेव्हा खोलीत सफाईवाली मावशी खुर्च्या उचलत होती. म्हणाली, "झोप बाई. हितं तरी झोप." मला काय हवंय याचं उत्तर तिथंच मिळालं होतं म्हणायचं.

आणि मग जागा निघाली. ट्रान्स्पोर्टमध्येच, रूट आखायची. कंपनीची, कायमची, निळ्या पट्टीची. सकाळी जायचं, संध्याकाळी यायचं, रविवारी सुट्टी. पिवळ्या पट्टीवाल्यांनाही मुलाखत देता येणार होती. मला गुरुवारी दुपारची वेळ मिळाली, शेजारच्याच इमारतीत. माझी शिफ्टही दुपारचीच. डेस्क एका माणसावर सोडायचा नाही असा नियम. लीड म्हणाला, "कव्हर बघ आणि बिनधास्त जा."

कव्हर, म्हणजे माझ्या जागी बसणारं माणूस, त्यात बघायचं काय? मी आमच्या डेस्कच्या ग्रुपवर टाकलं: गुरुवारी दुपारी माझी मुलाखत आहे. अंगठे आले. ऑल द बेस्ट आले. यवतमाळवाल्यानं गणपती आणि जोडलेले हात पाठवले. मी निवांत झाले. गुरुवारी आवडता ड्रेस घालून, केस नीट बांधून, डेस्कवर बसून कोण येतंय याची वाट बघत राहिले.

कुणी आलं नाही. पुलावर ट्रेलर बंद पडलेला, गाड्या अडकलेल्या, फोन एकामागून एक. शेजारच्या खुर्चीवरचा मुलगा नवा, त्याला अजून ड्रायव्हरांचे नंबरसुद्धा सापडत नव्हते. मधेच त्या इमारतीतून फोन आला. "मॅडम, तुम्ही येताय ना?"

"येते," म्हणाले. उठलेसुद्धा. तेवढ्यात नव्या मुलाच्या फोनवर कुणीतरी ओरडायला लागलं आणि त्यानं माझ्याकडं बघितलं. बसले. पुढचा फोन घेतला. सॉरी सर, पाच मिनिटांत गाडी येईल.

ती जागा दुसऱ्या कुणाला मिळाली.

लातूरवालीची त्या दिवशी सुट्टी होती. ती खोलीवर झोपली होती, चालत यायच्या अंतरावर. मी तिच्याशी बोलणंच टाकलं. भाजी मी करायची, पोळ्या ती, आणि मधे एक शब्द नाही. शेवटी तिनंच ताट बाजूला सारलं. "काय झालंय तुला? तोंडात गुळणी धरलीस का?"

मग मी सगळं काढलं. तिच्या मावसबहिणीच्या लग्नाचे दिवस, तिचा ताप, तिची गणपतीतली सुट्टी. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "हे सगळं खरं हाय. पण मला कसं कळावं गं? तू नुसतं मुलाखत हाय म्हणून टाकलीस. मला वाटलं देवाला हात जोडायला सांगायलीस. ये म्हणली असतीस तर आले नसते का?"

"म्हणायला कशाला पाहिजे?"

"मग मी काय मनकवडी हाय?"

आमचा आवाज खाली गेला असणार. दुसऱ्या दिवशी गच्चीवर कपडे वाळत घालताना मालकीणबाईंनी धरलंच. "काल कशापायी तोंडं वाजवत हुतासा?"

सांगितलं. त्यांनी आयुष्य भातात काढलेलं, सावड म्हणजे काय ते त्यांना सांगावं लागलं नाही. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "मग सांगावा दिलास का?"

"ग्रुपवर टाकलं होतं."

"ग्रुपवर." कपड्याचा चिमटा काढून त्यांनी परत दोरीवर लावला. "तुझी आई आवणीचं ग्रुपवर टाकतीया व्हय?"

आई टाकत नाही. आई आदल्या संध्याकाळी घरोघर जाते. हे मला ठाऊक होतं, लहानपणी मीच तिच्यामागून जायचे. ती उंबऱ्याबाहेर उभी राहायची, चहाला बसायची नाही, आणि सरळ म्हणायची, "उद्या आमची हाय. तुज्याकडं मी दोन दिस आले व्हते. सकाळच्याला ये." वर पुन्हा, "येतीयास ना?" समोरची व्हय म्हणेपर्यंत तिथून हलायची नाही. यात तिला मागितल्यासारखं वाटत नसे, आणि देणारीला अपमान वाटत नसे. मी थोडी मोठी झाल्यावर मात्र तिच्यामागून जायचं टाळायला लागले. मला ते दारात उभं राहणं आवडायचं नाही. बांधावर सकाळी माणसं येतात तेवढं मी लक्षात ठेवलं, आणि आदली संध्याकाळ विसरले. शिकलेल्या लोकांत एवढं सांगावं लागत नसेल, असंही कुठंतरी वाटलं असेल.

पुढची जागा निघायला बरेच महिने गेले. तेवढ्यात घसा दोनदा पूर्ण गेला, मानेला पट्टा लागला, आणि एकदा तर राजीनामा देऊन परत खाचरात जावं असं वाटलं. वडील फोनवर म्हणाले, "ये की. हितं साहेबांना आणखी एक मानूस पायजेच हाय." त्या एका वाक्यानं मी थांबले. आमच्याच जमिनीवर दुसऱ्याचे कप विसळायला मी पदवी घेतली नव्हती.

जागा निघाली तसा ग्रुप उघडलाच नाही. यवतमाळवाल्याच्या खुर्चीपाशी जाऊन उभी राहिले.

"बुधवारी दुपारी माझी मुलाखत आहे. तुझी दिवाळी मी केली, तुझ्या भावाच्या लग्नाचे दिवस मी केले. बुधवारी माझ्या खुर्चीवर तू बसायचं."

त्यानं हेडफोन काढला. "हिशेब ठेवला होता का तुनं?"

"ठेवला होता. आमच्याकडं ठेवतात."

"मले वाटे तुले शिफ्टा करनं आवडते."

"कुणाला आवडतं?"

"तसं नाही, काही काही लोकाइले आवडते." मग म्हणाला, "येतो. डबा तुहा."

"डबा माझा. येतोयस ना?"

"हो म्हनलं ना बाई."

तरी दोन दिवसांनी पुन्हा विचारलं. आईसारखंच. नवा मुलगा आता जुना झाला होता, पण लातूरवालीलाही सांगून ठेवलं. यवतमाळवाला आला नाही तर तू. ती म्हणाली, "माझी सुट्टी हाय त्या दिवशी. चादरी धुवायच्या हायत."

"चादरी मी धुते."

"दोन्हीबी?"

"दोन्ही."

बुधवारी दोघंही आले. एकानं माझी खुर्ची घेतली आणि दुसरी नुसतीच मागं उभी राहिली, मी जातेय का ते बघायला. मी माझा हेडफोन त्याच्या हातात दिला आणि निघाले. मागून फोन वाजत होते. ते दुसऱ्याचे होते.

आत तिघं होते. रूटबद्दल विचारलं, पावसात कुठला रस्ता बंद होतो ते विचारलं, ते मला येत होतंच. शेवटी एका बाईंनी विचारलं, "इतकी वर्षं त्याच डेस्कवर, कंत्राटावर. कंटाळा नाही आला?"

"आलाय," म्हणाले. "म्हणून तर आलेय."

त्यांना हसू आलं. मला आलं नाही, मी खरंच सांगत होते.

चादरी पुढच्या रविवारी धुतल्या. डब्यात त्याला भरली वांगी लागली, तीही दिली. फेडायचं ते फेडलं.

या आवणीला मी घरी गेले होते. आईबरोबर आदल्या संध्याकाळी घरोघर गेले, उंबऱ्यापाशी तिच्या शेजारी उभी राहिले. सकाळी वाकले तर तासाभरातच कंबर धरली. बायका हसल्या. एक म्हणाली, "हाफिसात बसून तुजं लाकूड झालंया." झालंय खरं. थकवा काही पट्टीचा रंग बदलल्यानं जात नाही, तो हळूहळू उतरेल तेव्हा उतरेल.

पण मी कायम झाले आहे. दिवसाची शिफ्ट आहे, रविवार माझा आहे, आणि आवणीचा तो दिवस मी माझ्या नावावरच्या रजेतून, तोंडानं मागून घेतला होता.