उजवी कड

पाटोद्याच्या कचेरीबाहेर निंबाखाली बसणाऱ्या त्या अर्जनवीसाचं नाव मी कधी विचारलं नाही. सरकारात अर्ज उर्दूत लागत, म्हणून तो तिशीत उजवीकडून लिहायला शिकला होता.

एकदा माझा अर्ज संपवून त्यानं दिंद्रुडला वडिलांना मोडीत पत्र लिहायला घेतलं. बोरू आपसूक कागदाच्या उजव्या कडेला गेला. त्यानं तो डावीकडं आणला, तरी पुन्हा तिकडंच गेला.

"डोक्यातली वाटच बदलली बगा," तो म्हणाला. "आता हात आईकत न्हाई."

मग बोरू ठेवून त्यानं शेजारच्या धुळीत बोट टेकवलं.

"वडलांनी धूळपाटीवर असंच बोट धरून शिकवलतं."

बोट डावीकडून निघालं. सगळं पत्र त्यानं धुळीतच लिहिलं.