ठकीची ट्यूब

लॅबवाली सहजासहजी घाबरणारी बाई नव्हती. बावीस वर्षं लोकांच्या दंडाला पट्टा बांधून "मूठ आवळा, तिकडे बघा" म्हणत सुई टोचणारी ती. भलेभले पैलवान तिच्यासमोर घेरी येऊन पडले होते आणि तिने एका हाताने त्यांना सावरत दुसऱ्या हाताने सुई काढून घेतली होती. पण शनिवारी सकाळी शहराच्या बसमध्ये मैत्रिणीला खिडकी देऊन ती शेजारी बसली, तेव्हा ती घाबरलेली होती आणि ती भीती रविवार दुपारपर्यंत गेली नाही.

मैत्रीण पार्लरवाली. दोघी पहिलीपासून एका बाकावरच्या. दोघींना सारख्याच घट्ट वेण्या, म्हणून शाळेतल्या बाईंनी दोघींनाही 'ठकी' म्हणायला सुरुवात केली. कोणती कोण हे ओळखायचे कष्ट त्या बाईंना नको होते, दुसरं काय. नाव चिकटलं ते चिकटलंच. आता पंचेचाळिशी उलटली, एकीला जाड चष्मा लागला, दुसरीने केसांना चार रंग फासून झाले, तरी ही तिला ठकी म्हणते आणि ती हिला ठकी. दोघींचे नवरे सुरुवातीला गोंधळायचे, मग त्यांनी नाद सोडला.

शहर बघायला जायचं हे खूळ पार्लरवालीचं. अकरा वर्षं नुसतं "जाऊ या गं एकदा" चाललं होतं. यंदा तिने कुणाला न विचारता तिकिटं काढली, खोली ठरवली आणि चौदा गोष्टींची यादी केली. त्यातल्या सहा बघायच्या आणि आठ खायच्या.

गुरुवारी संध्याकाळी ती ही यादी नाचवत लॅबमध्ये आली आणि जाता जाता म्हणाली, "हल्ली फार थकायला होतं, माझं रक्त बघ ना जरा." आता सुईला ही बया लहानपणापासून टरकते. शाळेत लस टोचायला आले की मैत्रिणीच्या पाठीमागे लपून म्हणायची, "आधी तू." त्या दिवशीही तेच. लॅबवालीने निमूटपणे आधी स्वतःच्या डाव्या हातातून रक्त काढलं, ती ट्यूब कोरीच स्टँडमध्ये ठेवली आणि मग तिचं काढलं. घरचंच काम, फॉर्म कोण भरतंय? ट्यूबवर 'ठकी' लिहिलं आणि ती हात धुवायला गेली.

शुक्रवारी सकाळी स्टँडमध्ये दोन ट्यूब होत्या. एकीवरचं 'ठकी' समोर दिसत होतं. दुसरीची कोरी बाजू समोर होती. ती आपली, तिची काय घाई, म्हणत तिने ती फ्रिजच्या दारात सरकवली. नावाची ट्यूब हातात घेतली तर नावाखाली रक्त काढल्याची वेळ नव्हती. नावाखाली वेळ हवीच, हा तिचा शिरस्ता. नव्या मुलींना त्यावरून ती फैलावर घ्यायची. गप्पांच्या नादात राहिली वाटतं, असं म्हणून तिने स्वतःला दोन शिव्या हासडल्या आणि ट्यूब मशीनला लावली.

मशीनने आकडा दिला, तो तिला खरा वाटला नाही. पुन्हा लावली. पुन्हा तोच. मग काचेवर थेंब पसरून तिने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. पांढऱ्या पेशी असाव्यात त्याच्या कैक पटींनी होत्या, आणि त्यातल्या कितीतरी कच्च्या, ज्यांचं रक्तात यायचं काहीच काम नव्हतं. रक्ताच्या कॅन्सरचं हे चित्र तिने आजवर कितीदा तरी पाहिलं होतं आणि एकदाही तिचा चहा त्यापायी गार झाला नव्हता. त्या दिवशी ती स्टुलावरून उठलीच नाही.

लॅबच्या डॉक्टरबाई परगावी होत्या. फोनवर म्हणाल्या, "स्लाइड माझ्या टेबलावर ठेव, सोमवारी सकाळी सातला येते. तोवर ताप आला किंवा कुठून रक्त आलं तर थांबू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. कोण आहे पेशंट?"

"ओळखीतल्या एक बाई."

"त्यांना तू काही बोलायचं नाहीस. माझी खात्री होऊ दे."

तोंड बंद ठेवायची तिला सवय होती. त्या नोकरीत ते पहिल्याच दिवशी शिकवतात. पण दुसऱ्याच्या बाबतीत तोंड बंद ठेवणं वेगळं आणि जिच्यासोबत दोन दिवस एका खोलीत राहायचं तिच्यासमोर ठेवणं वेगळं. जाऊच नये असं एकदा मनात आलं. मग वाटलं, अकरा वर्षं थांबली आहे बिचारी. सोमवारनंतर तिच्या नशिबी काय असेल कुणास ठाऊक. हे दोन दिवस तरी तिला सुखाचे मिळू देत.

झालं, निघाल्या. शहर छान होतं म्हणे. लॅबवालीला विचाराल तर तिने शहर बघितलंच नाही, तिने दोन दिवस मैत्रीण बघितली. यादीतला पहिला नंबर जुन्या मनोऱ्याचा, तीनशे बारा पायऱ्या. पार्लरवाली पुढे, बडबडत. ही मागे दोघींच्या पिशव्या खांद्यावर घेऊन तिचा श्वास ऐकत. दोनदा हिलाच भिंतीला टेकून थांबावं लागलं. जिवाला घोर लागला की छातीत असंच धडधडतं, असं तिने स्वतःला समजावलं. वर गेल्यावर पार्लरवाली कठड्याला टेकून नदीचे फोटो काढत होती आणि हिने तिचा दंड असा घट्ट धरला होता की शेजारच्या बाई सरकून उभ्या राहिल्या.

बाजारात पार्लरवालीने करकरीत सफरचंद चावलं, तर ही तिच्या हिरड्यांकडे बघत राहिली. संग्रहालयात दर दालनात काही ना काही निमित्त काढून तिच्या कपाळाला हात लावला.

"तू माझी सासू झालीस का गं?" पार्लरवाली वैतागली. "ती पण इतकी मागे लागत नाही."

"ऊन लागलंय का बघत होते."

"इथे आत? त्या दगडाच्या राजाला लागलंय का बघ."

दुपारी एका खानावळीत ताज्या पावासोबत टोमॅटोचं सूप आलं. पार्लरवाली खिडकीबाहेर बघून पुन्हा वळली, तर ओठाच्या कोपऱ्यातून हनुवटीपर्यंत लाल ओघळ. लॅबवाली खुर्ची पाडून उठली. तिने टेबलावरचा कपडा मैत्रिणीच्या तोंडाला दाबला, आणि "डोकं वर नको करूस, पुढे वाक" असं ओरडली तेव्हा सगळी खानावळ वळून बघायला लागली. सूपच होतं ते. पार्लरवाली हसून हसून रडकुंडीला आली. ही पण हसली, पण हसता हसता तिने तो कपडा नाकाशी नेऊन हुंगून बघितला.

रविवारी दुपारी नदीकाठी बोटीची वाट बघत दोघी बाकावर बसल्या होत्या. यादीतली ही शेवटची गोष्ट. हातात आइस्क्रीम. पार्लरवाली म्हणाली, "ठकी, रक्ताचं काय झालं माझ्या?"

"सोमवारी कळेल. डॉक्टरबाई नाहीयेत."

"तुझंही लाव बरं का मशीनला. नाहीतर फुकट टोचून घेतलंस. तू कोरीच ठेवली होतीस ना तुझी ट्यूब, तू हात धुवायला गेलीस तेव्हा मीच नाव लिहिलं तिच्यावर."

"काय लिहिलंस?"

"काय म्हणजे? ठकी. दुसरं काय म्हणते मी तुला?"

लॅबवालीचं आइस्क्रीम मनगटावर ओघळलं तरी तिला कळलं नाही. ठकी, खाली वेळ नाही. बावीस वर्षांत तिची वेळ लिहायची कधी राहिली नव्हती आणि गुरुवारीही राहिली नव्हती. वेळ लिहिलेली, मैत्रिणीची ट्यूब पाठमोरी होती, ती फ्रिजच्या दारात पडली होती.

तिला आधी आनंद झाला, हे सांगायलाच हवं. खरा, मनापासून. ठकीला काही झालेलं नाही, ठकी ठणठणीत आहे, ही काय इथे माझ्या शेजारी बसून आइस्क्रीम चाटतेय. मैत्रिणीला मिठी मारावी असं वाटून तिने हात उचललासुद्धा. मग त्या आनंदाच्या मागून दुसरी गोष्ट आली आणि उचललेला हात तसाच राहिला.

"काय झालं गं? पांढरी पडलीस."

दोन दिवस तोंडाला कुलूप लावून बसलेली बाई, पण स्वतःचं गुपित तिला दोन मिनिटंही पोटात ठेवता आलं नाही. तिने सगळं सांगितलं. पार्लरवाली ऐकत होती आणि तिचा चेहरा बदलत होता.

"म्हणजे परवापासून तुला वाटत होतं की हे मला झालंय."

"हो."

"आणि तू मला मनोरे दाखवत होतीस."

"वाटलं, दोन दिवस तुझे सुखात जाऊ देत."

"लेकीला फोन केला असता मी." पार्लरवालीचा आवाज चढला. "आईकडे गेले असते. माझं मरण ठेवून घेतलंस तुझ्याजवळ आणि मला सूप पाजलंस? कोण तू ठरवणारी?"

 सुखाचे म्हणून लॅबवालीने मैत्रिणीला जे दोन दिवस दिले, ते खरं तर तिच्या स्वतःच्या वाटचे होते. आपल्याला काही झालंय हे माहीत नसलेले शेवटचे दोन दिवस, आणि ते तिने भिण्यात घालवले. बोट लागली, लोक चढले, सुटली. दोघींपैकी कुणी उठलं नाही.

"मला भीती वाटतेय गं," ती म्हणाली.

पार्लरवाली अजून रागातच होती. तशीच रागात तिने पर्समधून रुमाल काढून मैत्रिणीचं चिकट मनगट पुसलं, आणि मग मनगट सोडलं नाही. "फोन लाव," ती म्हणाली. "सोमवारची वाट बघायची नाही. आत्ता लाव."

डॉक्टरबाईंनी लगेच उचलला. "कोण? हां, बोल. त्या बाईंना ताप आला का?"

"नाही."

"रक्त वगैरे?"

"नाही डॉक्टर."

"मग? तू काही बोलून नाही ना बसलीस? कळलं का पेशंटला?"

"हो," ती म्हणाली. "पेशंटला कळलंय."

"सांगितलं होतं ना तुला," डॉक्टरबाई चिडल्या. मग जरा नरमाईने त्यांनी विचारलं, "फार घाबरल्यात का त्या?"

"हो डॉक्टर," लॅबवाली म्हणाली. "खूप."