मिरचीले नाई चालत

माझ्या धाकट्या दिराच्या मुलीने जन्माला आल्यापासून एकही गोष्ट केवळ मोठ्यांनी सांगितली म्हणून खरी मानलेली नाही. लोकांची लेकरं खेळणी मागतात, ही पुरावा मागायची. मी तिची मोठी आई, शिवाय गावच्या शाळेतली मास्तरीण. पण सूर्य पूर्वेला उगवतो हे तिने माझ्या शब्दावर नव्हे, तर रोज पहाटे गच्चीवर जाऊन स्वतः पाहिल्यावरच मान्य केलं, आणि तेही ‘आपल्या गावापुरतं’ अशी अट घालून. माझी जाऊ, म्हणजे तिची आई, लेकरांची नजर उतरवते. ओवाळलेल्या मिरच्या चुलीत टाकल्या आणि ठसका आला नाही, तर नजर लागली होती असं समजायचं. एक दिवस पोरीने तेवढ्याच मिरच्या फवारणीच्या पंपावरून ओवाळून चुलीत टाकल्या आणि ठसका येत नाही असं पाहून गंभीर चेहऱ्याने जाहीर केलं, “पंपाले नजर लागली.” तेव्हापासून माझी जाऊ नजर उतरवते ती आधी दार लावून.

कोणतीही गोष्ट दोनदा, पण वेगवेगळ्या तऱ्हेने करून पाहायची, ही तिची दुसरी खोड. घरात विरजण दोन भांड्यांत लागायचं, एकाला गोणपाट गुंडाळलेलं, एक उघडं. माझ्या मुलीला पाहायला पाहुणे आले तेव्हा चहा न्यायचं काम हिच्याकडे होतं. तिने प्रत्येकापुढे दोन-दोन कप ठेवले आणि विचारलं, “यातला कोणता चांगला लागते, सांगा. एकात पत्ती आधी टाकली, एकात साखर.” मी जादाचे कप उचलायला पुढे झाले. पण मुलाच्या वडलांनी दोन्ही कप सावकाश संपवले, थोडा विचार केला आणि म्हणाले, “मले तं दुसरा बरा वाटला.” सोयरीक जमली. ते गृहस्थ अजूनही आले की आधी हिची चौकशी करतात.

किन्हीराजाजवळ आमची भाजीची वाडी आहे. टमाटे, वांगी, मिरची, भेंडी. रोपं काळ्या पन्नीच्या, म्हणजे प्लास्टिकच्या, छोट्या पिशव्यांत वाढवायची, लावताना पिशवी फाडून फेकायची, असा सगळ्यांचाच रिवाज. दहावीच्या सुट्टीत वडलांबरोबर रोपं लावता लावता तिने विचारलं, “बाबा, ही पन्नी मंग कुठं जाते?”

“जाते कुठं? इथंच राह्यते.”

तिने वाडीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जाऊन खड्डा खणला आणि ती रांगत होती तेव्हापासूनच्या पन्न्या वर काढल्या. त्या दिवसापासून घराचं स्वास्थ्य गेलं. सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतर उरलेला भुसा, भिजवायचं, वाटायचं, जून झालेल्या भेंडीच्या चिकट रसात कालवायचं, आणि पेल्याच्या बुडावर थापून त्याच्या वाट्या वाळवायच्या, असा तिचा बेत होता. रोप वाटीसकट मातीत जाईल आणि वाटीचीही माती होईल, एवढीच साधी कल्पना. पण पहिल्या वाट्या पाणी पडताच विरघळल्या. पुढच्या इतक्या कडक झाल्या की मुळं आतच अडकून बसली. जावेचा मिक्सर जळाला. भेंडी बाजारात जायची ती जून व्हायला झाडावरच राहू लागली, आणि ऐन हंगामात आमच्या भाजीवाल्यांच्याच घरात भेंडीची भाजी दिसेनाशी झाली.

भाऊजी, म्हणजे तिचे वडील, हे सगळं मुकाट्याने सोसत होते. ते भडकले एकदाच. वाटीसकट लावलेलं, चांगलं फळाला आलेलं टमाट्याचं झाड तिने मुळासकट उपटलं तेव्हा.

“चांगलं झाड काहून उपटलं?”

“उपटल्याबिगर कसं समजन, बाबा?”

“अन् समजून काय भेटलं?”

तिने माती झटकून मुळं त्यांच्या हातात दिली. वाटीचा मागमूस नव्हता, आणि मुळं चारी बाजूंनी मोकळी पसरली होती. भाऊजी धुऱ्यावर बसले. एकेक मूळ बोटाने मोकळं करून पाहू लागले. दुसऱ्या दिवशी टमाट्याची एक अख्खी ओळ त्यांनी पोरीच्या नावावर सोडून दिली.

वांगीही जमली. मिरची मात्र जमेना. मिरचीची रोपं त्या वाटीत मान टाकायची, बुडाशी पांढरी बुरशी धरायची. तिने रस कमी केला, वाट्या उन्हात जास्त ठेवल्या, तरी तेच. अशातच जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनातून तिची राज्यासाठी निवड झाली. तिच्या विज्ञानाच्या सरांनी मायेनेच सल्ला दिला, “टमाटे ने, वांगी ने. मिरच्या घरी ठेव. परीक्षकांना आपण होऊन उणं कशाला दाखवायचं?”

ती म्हणाली, “सर, मंग मी अर्धंच सांगतलं असं होईन.”

सोबतीला मी गेले. जऊळक्याहून रेल्वेने निघालो तेव्हा टरारलेली टमाट्याची रोपं माझ्या मांडीवर होती आणि मेलेल्या मिरच्या तिच्या. डब्यातल्या एका बाईने न राहवून विचारलं, “हे वाळलेलं काहून नेऊन राह्यली, बाई?” तर तिने त्या माउलीला पुढचं स्टेशन येईपर्यंत बुरशी समजावून सांगितली.

प्रदर्शनात आजूबाजूच्या टेबलांवर दिवे चमकत होते, यंत्रं फिरत होती. आमच्या टेबलावर कुटाराच्या वाट्या. परीक्षक बाई आल्या, वाटी हातात घेऊन म्हणाल्या, “छान. सगळ्या भाज्यांना चालते?”

“नाई. मिरचीले नाई चालत.”

“का?”

“अजून माहीत नाई.” मग तिने मेलेली रोपं पुढे केली. “वाटी ओल धरते, अन् मिरचीले ओल सोसत नाई, असं वाटते. पण वाटते म्हणजे खरं नोहे. ते पाह्यचं राह्यलं.”

बाईंनी आपल्या सोबत्यांना बोलावलं. ते सगळे चमकणारी यंत्रं सोडून त्या वाळक्या मिरच्यांवर वाकले, आणि मला न कळणाऱ्या भाषेत कितीतरी वेळ तिच्याशी बरोबरीने बोलत राहिले. तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच कुणी तिच्या प्रश्नाला कंटाळलं नव्हतं. मी टमाटी बाजूला सरकवून मिरच्यांना जागा करून दिली. तिला दुसरं बक्षीस मिळालं, आणि सुट्टीत एका प्रयोगशाळेत शिकायला यायचं आमंत्रणही.

गावाने सत्कार केला. शाल, नारळ, भोंगा. प्रमुख पाहुण्यांनी भाषणाच्या भरात आमच्या पोरीने जगातून पन्नी हद्दपार केल्याचं सांगून टाकलं. टाळ्या थांबल्यावर ती माइकजवळ गेली, म्हणाली, “मिरचीले नाई चालत,” आणि जागेवर येऊन बसली. लोक हसले. भाऊजी मान खाली घालून बसले होते. घरी येताना मला म्हणाले, “वहिनी, सगळ्या गावात आपल्या मिरचीची बेइज्जती केली पोरीनं.” पण सांगताना त्यांचा आवाज असा झाला होता की मी त्यांच्याकडे पाहायचं टाळलं.

यंदा ती दूरच्या शहरात कृषी महाविद्यालयात गेली. जऊळक्याच्या फलाटावर भाऊजी, जाऊ आणि मी तिला सोडायला गेलो. सामान चढवून झालं, गाडी सुटायला अवकाश होता. माझी जाऊ खिडकीशी उभी राहून पदराने डोळे पुसत होती.

“आई, रडून काहून राह्यली?”

“रडत नाई. गाडीचा धूर गेला डोयात.”

पोरीने वर पाहिलं. डब्यावरून विजेची तार गेलेली होती. तिचं तोंड उघडलं, मी ऐकायची तयारी केली. मग तिने खिडकीतून हात काढून आईचा हात धरला.

“हो,” ती म्हणाली. “लय धूर आहे इथं.”

गाडी निघून गेली, आणि आम्ही तिघं त्या स्वच्छ हवेत डोळे पुसत उभे राहिलो.